नाही म्हणण्याचं बळ

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य अलीकडे वरचेवर कानावर पडतं: सिद्धांतानं फूट पडते, प्रेमानं माणसं जोडली जातात. येशूवर जीव असला आणि शेजाऱ्याशी नीट वागलं की झालं. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, कृपेनं तारण वगैरे शब्दांचा कीस धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काढावा. चर्चची पायरी कधी न चढलेल्या वाचकालाही हे चटकन पटेल, कारण धर्माच्या नावानं झालेली भांडणं त्यानं पुष्कळ पाहिलेली असतात. बायबलमध्ये मात्र, विशेषतः तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत, सुशिक्षणाचा आग्रह पुन्हापुन्हा येतो. देव कोण, येशू ख्रिस्त कोण, माणसाचं तारण कशानं होतं आणि मंडळीत जागा कुणाला, या प्रश्नांची शास्त्राला धरून दिलेली उत्तरं म्हणजे हे शिक्षण. ती उत्तरं ढिली सोडली तर असं काय बिघडतं? माझं म्हणणं असं, की फार बिघडतं, आणि ते डोळ्यांना दिसण्याइतकं ठोस असतं. उत्तरांची जागा रिकामी राहत नाही. ज्याचा त्या काळात जोर असेल त्याची उत्तरं तिथे येऊन बसतात, आणि मग मंडळीला कुणालाच नाही म्हणता येत नाही.

१९३३ सालच्या जर्मनीत हे फार थोड्या महिन्यांत घडलं. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. ७ एप्रिलला सरकारी नोकरांसाठीचा कायदा आला आणि ज्यूवंशीय माणसांना सरकारी नोकरीतून काढण्याचं ‘आर्य कलम’ त्यात होतं. प्रोटेस्टंट चर्चमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची एक चळवळ आदल्या वर्षीच उभी राहिली होती. देवानं जर्मन राष्ट्राला नवं जीवन दिलं आहे, तेव्हा चर्चनंही त्या राष्ट्राच्या सुरात सूर मिसळावा, असं तिचं सांगणं. २३ जुलैला चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलरनं स्वतः रेडिओवरून या चळवळीची बाजू घेतली आणि तिनं सुमारे दोन तृतीयांश मतं मिळवली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चची महासभा बर्लिनमध्ये भरली, तेव्हा कित्येक प्रतिनिधी तपकिरी गणवेशातच आले, आणि या सभेनं आर्य कलम चर्चच्या सेवकांनाही लागू केलं. सुमारे १८,००० पाळकांत ज्यूवंशीय पाळक होते मूठभर. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, दीक्षा झालेली होती, वर्षानुवर्षं ते वेदीपाशी उभे राहत आले होते. आता त्यांची आजी कोण होती, हे त्यांच्या बाप्तिस्म्यापेक्षा मोठं ठरलं. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडासभागृहात वीस हजारांच्या सभेत राइनहोल्ड क्राउझ या चळवळीच्या पुढाऱ्यानं पुढची मागणी केली: जुना करार काढून टाका, त्यातल्या गुरांच्या दलालांच्या गोष्टी जर्मन माणसाला नकोत, आणि पौलाची यहूदी छापाची शिकवणही नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या सभेला गेलेल्यांतले बहुतेक लोक प्रार्थना करणारे, नाताळला गाणी म्हणणारे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे साधे ख्रिस्ती होते. त्यांच्या भक्तीत खोट होती, असं म्हणायला आधार नाही. प्रेमही त्यांच्याकडे होतं, फक्त ते कुणावर करायचं हे राष्ट्रानं ठरवून दिलं होतं. येशूवर जीव आहे म्हणणाऱ्याला जेव्हा कुणी सांगतं की येशू ज्यू नव्हताच, आर्य होता, तेव्हा नुसत्या जिव्हाळ्याच्या जोरावर ‘हे खोटं आहे’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी येशू कोण, हे माहीत असावं लागतं. पुढे १९३९ मध्ये आयझेनाख इथे चर्चमधला ज्यू प्रभाव खणून काढण्यासाठी चक्क एक संस्था निघाली आणि १९४० मध्ये तिनं यहूदी खुणा पुसून काढलेला नवा करार छापला. भाविक घरांतल्या टेबलांवर तो गेला.

विरोध उभा राहिला तो सिद्धांताच्या पायावर. क्राउझच्या भाषणानं अनेकांचे डोळे उघडले. मार्टिन नीमलर यांनी सुरू केलेल्या पाळकांच्या आणीबाणी संघात हजारो पाळक आले. पुढच्या वर्षी, १९३४ च्या मे महिन्यात, एका निवेदनाचा मसुदा करायला तीन धर्मशास्त्रज्ञ फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात जमले: दोन लुथरन आणि एक रिफॉर्म्ड म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले, कार्ल बार्ट. दुपारच्या जेवणानंतर दोघे लुथरन झोपले, आणि आपण कडक कॉफी व एकदोन ब्राझिली सिगारांच्या साथीनं मसुदा पुरा केला, असं बार्ट पुढे मिश्किलपणे सांगत. (रिफॉर्म्ड चर्च जागं होतं, हा त्यातला टोमणा.) २९ ते ३१ मे या दिवसांत बार्मेन इथल्या गेमार्क चर्चमध्ये लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा मंडळ्यांचे सुमारे १४० प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सहा कलमांचं ते निवेदन मंजूर केलं. प्रत्येक कलमाची बांधणी सारखीच: आधी शास्त्रवचन, मग आम्ही काय मानतो, शेवटी आम्ही काय धुडकावतो. पहिलं कलम म्हणतं की ज्याचं ऐकायचं, ज्याच्यावर भिस्त ठेवायची तो देवाचा एकच शब्द म्हणजे शास्त्रात साक्ष दिलेला येशू ख्रिस्त. त्याच्या जोडीला दुसरी कुठली घटना, सत्ता किंवा व्यक्ती देवाचं प्रकटीकरण म्हणून मानणार नाही. चौथं म्हणतं की मंडळीतली पदं एकानं दुसऱ्यावर राज्य करण्यासाठी नाहीत, म्हणून मंडळीत ‘फ्युरर’ चालणार नाही. पाचवं राज्यसंस्थेला तिची मर्यादा दाखवतं. हिटलरचं नाव कुठेही नाही. पण १९३४ मध्ये ‘एकच शब्द’ असं म्हटल्यावर कुणाला नाही म्हटलं जातंय, हे सांगायची गरज नव्हती. फूट पाडतो म्हणून हिणवलेल्या सिद्धांतानं चारशे वर्षं वेगळ्या चुली मांडलेल्या मंडळ्यांना इथे एका सुरात बोलायला लावलं, हेही नोंदवण्यासारखं आहे.

यावर जाणकार वाचक दोन आक्षेप घेईल, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की पक्के सिद्धांतवादीही चुकलेच. एर्लांगेन विद्यापीठाचे पाउल आल्टहाउस आणि वेर्नर एलर्ट हे नाणावलेले लुथरन पंडित. आर्य कलमावर मत मागितलं तेव्हा ज्यूवंशीय ख्रिस्ती माणसांना चर्चच्या पदांपासून मागे ठेवावं, असं त्यांनी सुचवलं. आणि बार्मेननंतर दोनच आठवड्यांत आन्सबाख इथून निघालेल्या विरोधी निवेदनावर त्यांच्या सह्या होत्या. मग सिद्धांतानं वाचवलं कुठे? त्यांनी काय लिहिलं ते पाहिलं तर उत्तर मिळतं. देवाचा नियम आपल्याला कुटुंब, लोक, वंश या नैसर्गिक व्यवस्थांतूनही भेटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शास्त्राच्या शेजारी त्यांनी वंशाचं दुसरं आसन मांडलं, आणि बार्मेनच्या पहिल्या कलमानं जे दार बंद केलं होतं ते पुन्हा उघडलं. म्हणजे दोष सिद्धांत बाळगण्याचा नव्हता, सिद्धांत चुकल्याचा होता. पांडित्य आणि सुशिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीची पदवी मिळते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. बार्मेनच्या सहा कलमांत ज्यू लोकांबद्दल अक्षर नाही. चर्चच्या स्वातंत्र्यासाठी आवाज उठला, शेजारच्या दुकानाच्या काचा फुटत होत्या त्याबद्दल नाही. हे खरं आहे, आणि कुठलंही समर्थन त्याला पुरं पडत नाही. १९६७ मध्ये बार्ट यांनी धर्मशास्त्रज्ञ एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रात आपली ही चूक कबूल केली. १९३८ मध्ये याच मंडळ्यांतल्या कित्येक पाळकांनी हिटलरशी निष्ठेची शपथही घेतली. पण ही चूक आपल्याला कळते कशी? बार्मेनची कलमं घेऊनच आपण बार्मेनला जाब विचारतो. ख्रिस्ताचा हक्क आयुष्याच्या सगळ्या अंगांवर आहे, असं दुसरं कलम म्हणतं. मग ज्यू शेजारी त्यातून वगळला कसा, हा प्रश्न त्या कलमातूनच निघतो. तरुण पाळक डीट्रिश बोनहॉफर यांनी तो १९३३ मध्येच काढला होता. १९३६ च्या जूनमध्ये बार्मेनमधून उभ्या राहिलेल्या मंडळीच्या नेतृत्वानं खुद्द हिटलरला पाठवलेल्या निवेदनात छळछावण्यांवर आक्षेप घेतला आणि ज्यूंचा द्वेष करायला लावणाऱ्या मताविरुद्ध शेजारप्रीतीची आज्ञा उभी केली. ते निवेदन परदेशी वर्तमानपत्रांत फुटलं. मंडळीच्या कचेरीतले कायदेतज्ज्ञ फ्रीडरिश वाइसलर यांना पकडण्यात आलं. जन्मानं ते ज्यूवंशीय, श्रद्धेनं प्रोटेस्टंट. मंडळीनं त्यांच्यापासून अंग चोरलं, आणि १९३७ च्या फेब्रुवारीत झाक्सेनहाउझेनच्या छावणीत त्यांना मारून टाकलं गेलं. सिद्धांत कागदावर असला म्हणजे धैर्य आपोआप येतं, असा माझा दावा नाही. लिखित राज्यघटनेचं जसं असतं तसंच हे: ती असूनही सरकारं अन्याय करतात, पण ती आहे म्हणून सामान्य माणसाला कलमावर बोट ठेवून ‘हे चुकीचं आहे’ असं म्हणता येतं.

सिद्धांत सोडण्याची दुसरी एक तऱ्हा आहे. तिच्यात आरडाओरडा नसतो. सोयीसाठी फक्त एक अपवाद केलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीच्या डच रिफॉर्म्ड चर्चनं १८२९ मध्ये निर्णय दिला होता की प्रभुभोजन वर्णाचा भेद न करता सगळ्यांना एकत्रच द्यायचं. १८५७ च्या महासभेचा ठराव वाचण्यासारखा आहे. त्यात आधी मान्य केलंय की नव्यानं विश्वासात आलेल्यांना असलेल्याच मंडळ्यांत सामावून घेणं इष्ट आहे आणि शास्त्राला धरून आहे. मग पुढे येतं: परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे अडथळा होत असेल, तिथे वेगळ्या इमारतीत वेगळी उपासना चालेल. दुर्बल कोण, तर काळ्या माणसाशेजारी बसून भाकर घ्यायला ज्यांचं मन होत नव्हतं ते गोरे सभासद. कुणाला दुखवायचं नाही, मंडळी फुटू द्यायची नाही, म्हणून केलेली ही तडजोड. हिला प्रेमळपणा म्हणणारेही त्या काळी असतील. १८८१ मध्ये तिच्यातून गोरेतरांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं आणि पुढे तर वंशभेदाच्या राजकारणाला शास्त्राधार देणारे पंडितही त्याच डच रिफॉर्म्ड चर्चमधून आले. आधी सोय, मग रीत, मग शिकवण, अशी ही उतरण. ती उलट चढायला सव्वाशे वर्षं लागली. १९८२ मध्ये ओटावा इथे जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या परिषदेनं वर्णभेदाचं ख्रिस्ती समर्थन हे पाखंड असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी वेगळ्या काढलेल्या त्या मिशन चर्चनं बेल्हार इथे आपला विश्वासांगीकार लिहिला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. अन्याय, विषमता, मानवी हक्क हे सगळे शब्द जगाजवळ होतेच. मंडळीनं मात्र ‘पाखंड’ हा शब्द निवडला, कारण ही चूक नुसत्या वागणुकीची नसून ख्रिस्तानं काय केलं यासंबंधीची आहे, हे तिला सांगायचं होतं. गोऱ्या चर्चला सगळ्यात जास्त झोंबला तो हाच शब्द.

मराठी वाचकाला यातला मुद्दा समजवावा लागणार नाही. पंक्तिप्रपंच ही आपल्या घरातली गोष्ट. आणि ख्रिस्ती मंडळीतला सिद्धांताचा पहिला जाहीर खटका पंगतीवरूनच उडाला होता. अंत्युखियात पेत्र यहूदीतर विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून काही कडवे लोक आल्यावर तो हळूच उठून वेगळा बसू लागला. बर्णबासारखा भला माणूसही त्याच्यामागे गेला. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत खडसावलं, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. शिष्टाचार मोडला, असं तो म्हणत नाही. शुभवर्तमानाच्या सत्याशी हे वागणं जुळत नाही, असं म्हणतो. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासानं, सुंता आणि कुळानं नव्हे, हे खरं असेल तर पंगत वेगळी असूच शकत नाही. तारणाचा सगळ्यात गहन वाटणारा सिद्धांत इथे थेट पाटाशी येऊन बसतो. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी तमिळ मंडळ्यांत जातवार बसण्याची आणि जातवार प्रभुभोजन घेण्याची चाल ताबडतोब बंद करावी असा हुकूम काढला, तेव्हा उच्च जातींतल्या अनेकांनी मंडळी सोडली. फूट पडली हे खरंच. पण ती हुकमानं पाडली की आधीपासून वेगळा ठेवलेला प्याला तिथे होताच, याचा विचार करावा. आपल्याकडच्या मंडळ्यांतही लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, हे कुणी नाकारणार नाही. त्यावर बोलायला पाळकाकडे गलतीकरांस पत्रापेक्षा मजबूत आधार दुसरा नाही.

‘पण सिद्धांतापायी माणसं जाळली गेली त्याचं काय?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्रैक्य नाकारलं म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनीव्हात मिगेल सर्वेतस याला जिवंत जाळलं. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन चाललं, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनी जुने रीतिरिवाज गुपचूप पाळले म्हणून त्यांच्यावर खटले भरले गेले. हे पाप चर्चचंच आहे. त्यातून काढायचा निष्कर्ष मात्र नीट काढावा. सर्वेतसला जाळल्यानंतर काही महिन्यांतच सेबास्टियन कॅस्टेलियो यानं पाखंड्यांच्या छळाविरुद्ध पुस्तक छापलं. तो बायबलचा भाषांतरकार होता, आणि ख्रिस्त कोण व त्यानं काय शिकवलं याच आधारावर त्यानं जाळणाऱ्यांना खोटं पाडलं. श्रद्धा तलवारीनं लादता येते, हाही एक सिद्धांतच होता, आणि चुकीचा होता. शिवाय सत्ता आणि सिद्धांत नेहमी हातात हात घालून चालतात असंही नाही. ३२५ मध्ये निकाईयाच्या परिषदेनं पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. ते सम्राटाच्या दडपणाखाली झालं, असं सांगण्याची फॅशन आहे. परिषद सम्राटानं बोलावली होती, हे खरं. पण त्या शिकवणीला चिकटून राहिलेल्या अथनासियसला पुढे चार सम्राटांच्या कारकिर्दीत पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. दरबाराला बराच काळ, पुत्र पित्याशी एकतत्त्व नाही म्हणणाऱ्या एरियसचं मत सोयीचं वाटत होतं.

राष्ट्रं आणि परिषदा बाजूला ठेवून एका आजारी माणसाच्या खाटेपाशी येऊ. विश्वास पुरेसा असेल तर आजार जातो, पैसा येतो, अडलेली कामं होतात, असं सांगणारे उपदेशक आज चंगाईच्या सभांतून आणि मोबाइलवरून घरोघर पोचले आहेत. बरं वाटलं तर श्रेय सभेला. नाही वाटलं तर दोष कुणाचा? रोग्याचा; त्याचा विश्वास कमी पडला. कॅन्सरच्या दुखण्यावर ही दुसरी जखम. अशा घरात ‘आपण प्रेम करू, सिद्धांत नको’ म्हणणाऱ्या पाळकाकडे त्या रोग्याला द्यायला काही उरत नाही. सुशिक्षण ज्याला ठाऊक आहे तो ईयोबाचं पुस्तक उघडतो, जिथे दुःखाचं खापर ईयोबावर फोडणाऱ्या मित्रांवरच शेवटी देव रागावतो. तो योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध दाखवतो, ज्याचं आंधळेपण कुणाच्याच पापानं आलेलं नाही, असं येशू स्वतः सांगतो. आणि गंमत अशी की सुशिक्षणाचा सगळ्यात जास्त धोशा लावणाऱ्या त्याच पत्रांत तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय, आणि त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून आलो असं सरळ लिहिलंय. प्रेषिताच्या सोबत्याचा विश्वास कमी पडला, असं तिथे कुणी म्हणत नाही. प्रार्थना जरूर करावी, औषधही घ्यावं, आणि बरं नाही वाटलं तरी देवानं टाकलं असं समजू नये: रोग्याला आधार देणारं हे तिसरं वाक्य सिद्धांताशिवाय उच्चारताच येत नाही.

सामान्य माणसाला हे सगळं झेपणार नाही, ही तक्रार मला पटत नाही. सॅक्सनीच्या खेड्यांतलं अज्ञान पाहून १५२९ मध्ये लुथरनं लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती घरच्या कर्त्या माणसानं पोराबाळांना शिकवावी म्हणूनच. गोव्यात थॉमस स्टीफन्सनं हेच शिक्षण ओव्यांत बांधलं आणि १६१६ मध्ये ते ‘क्रिस्तपुराण’ म्हणून छापलं गेलं; ऐकणारे लोक साष्टीतले गावकरी होते. दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या जन्माबद्दल त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून इतके प्रश्न विचारले की त्या बाई हैराण झाल्या. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा हट्ट. कुणी यात सिद्धांताचा विरोध पाहतो. मला दिसतं ते असं, की पुढची अनेक वर्षं त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून बायबल मराठीत आणत राहिल्या, आणि १९२२ मध्ये त्या गेल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या मुक्ती मिशननं ते छापून पुरं केलं. सिद्धांताची पर्वा नसलेली बाई एवढी मेहनत घेत नाही.

म्हणून मंडळीतल्या वाचकांना एक विनंती. बिरुयातले लोक पौलाचा उपदेश ऐकत आणि तो सांगतो ते खरं आहे की नाही, हे दररोज शास्त्रात धुंडाळून पाहत. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना याबद्दल थोर मनाचे म्हटलं आहे. येत्या रविवारी उपदेश ऐका आणि पाळकांना आदरानं विचारा, हे कुठे लिहिलंय. दृढीकरणाचा वर्ग चार शनिवारांत उरकत असेल तर तो वाढवून मागा. त्या वर्गात मुलांनी उलट प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नका.